ह्यूस्टनपर्यंतची सोबत

ऋषी : …म्हणजे सव्वासातला निघायचं, उजाडल्यावर. साडेबारा-एकपर्यंत ह्यूस्टन एअरपोर्ट. आईचं विमान दोन दहाला. इमिग्रेशन, बॅगा धरून साडेतीन. चारला परत फिरायचं. नऊ-साडेनऊला फ्रिस्को, आणि दहाला माझं ऑन-कॉल सुरू. बसतंय ना सगळं?

आश्लेषा : सगळं बसतं. ड्रायव्हरच्या सीटवर कोण बसतं, तेवढं सांग.

ऋषी : तेच बघतोय ना यार.

आश्लेषा : सकाळपासून तेच बघून राहिलास तू. ईशान नेणार होता ना, त्याचा ताप उतरला का?

ऋषी : एकशे दोन आहे. म्हणत होता, गोळी घेऊन चालवतो. मीच नको म्हटलं.

आश्लेषा : दुसरं कोणी?

ऋषी : दुसरं कोण आहे इथे? उद्या थँक्सगिव्हिंगचा आदला दिवस. अर्धं फ्रिस्को क्रूझवर, उरलेलं योसेमिटीला. विमानं फुल, बस फुल. एक टॅक्सीवाला येतो म्हणाला होता. मैल ऐकले आणि फोन ठेवला.

आश्लेषा : डॅलसचं तिकीट काढलं असतं तर आईंना अर्ध्या तासात घरी आणलं असतं. आतल्या आतल्या रस्त्यांनी मी आणलं असतं.

ऋषी : डॅलसला सोबत कुठे मिळत होती? तीन ग्रुपवर टाकलं होतं. 'आई एकटी येतेय, पहिल्यांदाच विमानात बसतेय, इंग्रजी येत नाही, कुणी डॅलसला येतंय का?' महिनाभर एक अंगठा नाही आला. शेवटी तुझ्या मैत्रिणीची, नैनाची आई मिळाली, शरयूमावशी. त्या ह्यूस्टनच्या. तेव्हा तूच म्हणालीस, सोबत महत्त्वाची, ह्यूस्टन काय, इथेच तर आहे.

आश्लेषा : तेव्हा तुझं लायसन्स चालू होतं. शरयूमावशी दोन दिवस ठेवून घेणार नाहीत का त्यांना?

ऋषी : त्यांचा मुलगा त्यांना घेऊन एअरपोर्टवरूनच न्यू ऑर्लिन्सला निघतोय. गाडीत जागा नाही. सोबत ह्यूस्टनपर्यंतचीच होती, आशू. बघ, मीच चालवतो. लिमिटच्या पाच खाली. इंडिकेटर, बेल्ट, सगळं कडक. कोण थांबवतंय?

आश्लेषा : तू स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

ऋषी : अगं, पंधरा तारखेला तर संपलंय. मी काय चोर आहे? व्हिसाचं एक्सटेन्शन पेंडिंग आहे. ते आलं की लायसन्स मिळणारच.

आश्लेषा : हे तू रस्त्याच्या कडेला उभं राहून पोलिसाला समजावशील? आपली आरोही मागे बसलेली असताना? मी सगळ्यांना विचारलं. नैना म्हणते, नुसतं दंडाचं तिकीट फाडतात. अदितीचा वकील म्हणतो, व्हिसावर काय होईल ते सध्या काही सांगता येत नाही. वकील काही सांगता येत नाही म्हणाला ना, तेव्हापासून गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.

ऋषी : मग तू चालव. तुझा व्हिसा वेगळा, तुझं लायसन्स अजून दोन वर्षं चालू आहे.

आश्लेषा : मी हायवेवर चालवत नाही.

ऋषी : माहितेय, तुला आवडत नाही. म्हणून तर काकांना बोलावलंय.

आश्लेषा : कोणते काका?

ऋषी : गुरुदत्तकाका. मोनाचे सासरे.

आश्लेषा : ते? मागच्या गल्लीतले, थापा मारणारे?

ऋषी : थापा असू देत. चाळीस वर्षं ह्यूस्टनमध्ये काढलीत त्यांनी. काकू होत्या तोवर दर महिन्याला ह्यूस्टन-फ्रिस्को. स्वतः म्हणतात, पंचेचाळीस नंबरचा हायवे मला ओळखतो. मोतीबिंदूचं ऑपरेशनपण झालंय. फोनवर एका वाक्यात म्हणाले, 'मी आहे ना.'

गुरुदत्तकाका : आहेच. दार उघडं होतं म्हणून घंटा वाजवली नाही. कुणाच्या थापांचं चाललंय?

आश्लेषा : या काका. तुमचंच चाललंय. चहा टाकते.

गुरुदत्तकाका : टाक. आलं घाल. मुलगा-सून क्रूझवर आणि मी घर राखायला. चार दिवस स्वतःच्या हातचा चहा पितोय, शत्रूला देऊ नये असा. बरं, ऋषी, काय ठरलं? जायलाच हवं का?

ऋषी : काका, आई आत्ता मुंबईच्या एअरपोर्टवर आहे. चेक-इन झालंय.

गुरुदत्तकाका : अस्सं. आणि उद्या बुधवार. बुधवारी पंचेचाळीसवर मी सहसा जात नाही.

ऋषी : का?

गुरुदत्तकाका : सत्त्याण्णव सालचा बुधवार होता. कोर्सिकाना सोडलं आणि आभाळ झालं हिरवं. पोपटासारखं. टेक्ससचं आभाळ हिरवं झालं की माणसानं देवाचं नाव घ्यावं. पहिली गार पडली लिंबाएवढी, दुसरी नारळाएवढी. उजवीकडे बघतो तर एक गाय. आ वासून उभी. गारा झेलत होती आणि चघळत होती. दुसऱ्या दिवशी बातमी आली, दूध काढायला गेलेल्या माणसाच्या बादलीत कुल्फी पडली.

ऋषी : काका, उद्याचं फोरकास्ट क्लिअर आहे.

गुरुदत्तकाका : त्या दिवशीही होतं. पुढे बफेलो नावाचं गाव लागतं. तिथं तर चक्रीवादळानं आमची गाडीच उचलली.

आश्लेषा : उचलली म्हणजे?

गुरुदत्तकाका : बाळाला पाळण्यातून उचलावं तशी, अलगद. उजव्या खिडकीतून बघतो तर शेजारून पेट्रोल पंप चाललाय. पंपावरचा माणूस हात करतोय. सतरा मैल पुढे नेऊन ठेवलं. माझ्या मांडीवर चिवड्याचा डबा होता, झाकण उघडं. एक शेंगदाणा सांडला नाही. पण दरवेळी इतकं सभ्य वादळ भेटेलच असं नाही. म्हणून म्हणतो, विचार करा.

ऋषी : काका, मी रूट सांगू का? आधी टोलवे, मग पंचाहत्तरनं डॅलसमधून खाली, मग पंचेचाळीस. सकाळी गर्दी असेल, पण—

गुरुदत्तकाका : गर्दी! अरे, सणाचा आदला दिवस. अख्खा टेक्सस रस्त्यावर. आणि येताना संध्याकाळ. हंट्सविलचा तो पांढरा पुतळा ठाऊक आहे ना, सत्तर फुटी? येताना उजवीकडे लागतो. अशाच गर्दीत तासभर त्याच्यासमोर अडकलो होतो ऑगस्टमध्ये. मी स्वतः बघितलाय त्याला कपाळाचा घाम पुसताना. दगडाचा माणूस वैतागतो तिथे आपण कोण? आणि ट्रक. अठरा चाकांचे. एकदा एक ट्रक आमच्या उजवीकडून असा चिकटून चालला, असा चिकटून, की त्याच्या चाकाच्या नटात तोंड बघून मी भांग पाडला.

आश्लेषा : काका, पुरे.

गुरुदत्तकाका : अगं, गंमत—

आश्लेषा : ट्रकचं काही सांगू नका. प्लीज.

ऋषी : आशू? अगं, कप ठेव आधी खाली. चहा सांडतोय.

आश्लेषा : मार्चमध्ये आरोहीला डेंटिस्टकडे नेलं होतं, आठवतं? प्लेनोला.

ऋषी : हो. म्हणजे… अपॉइंटमेंट कॅन्सल झाली म्हणालीस.

आश्लेषा : झाली नव्हती. मी टोलवेला, त्या टोलच्या हायवेला, जोडणाऱ्या रॅम्पवर चढले. रॅम्प संपत आला आणि मला शिरायला जागाच दिसेना. गाडी, गाडी, गाडी. मी ब्रेक दाबला.

ऋषी : रॅम्पवर?

आश्लेषा : टोकाला. सत्तरनं गाड्या चालल्यात आणि मी थांबलेली. आरशात ट्रक दिसला. आधी पूर्ण दिसत होता. मग नुसतं तोंड. मग नुसती त्याची जाळी, आरसा भरून. हॉर्न असा दिला की काच थरथरली. तो थांबला. किती जवळ थांबला ते मी मागे वळून पाहिलं नाही. आरोही मागून म्हणाली, 'मम्मा, आर वुई डेड?' मी लगेच नो नाही म्हटलं, ऋषी. आधी स्वतःचा हात दाबून पाहिला.

ऋषी : तू मला सांगितलं का नाहीस?

आश्लेषा : काय सांगणार? तू म्हणाला असतास, 'हे बघ आशू, मर्जिंगची थिअरी अशी आहे.' तेव्हापासून किराणा आणायला मी अकरा सिग्नल घेऊन जाते. हायवेनं चार मिनिटं लागतात. तुला वाटलं, मला आवडत नाही.

ऋषी : सॉरी. खरंच सॉरी. तू चालवायचंच नाही. काका चालवतील. काका, प्लीज, तुम्ही—

गुरुदत्तकाका : मी काय म्हणतो, एअरपोर्टवर बाकं असतात. मऊ असतात. म्हातारी माणसं दोन दिवस आरामात—

ऋषी : काका! तिला 'वॉटर'च्या पुढे इंग्रजी येत नाही! थांबा, तिनं आत्ताच व्हॉइस मेसेज पाठवलाय. तिच्याच शब्दांत सांगतो, आवाज फार बारीक येतोय. म्हणतेय, 'ऋषी, आम्ही आत बसलोय. शरयूबाई चांगल्या आहेत. तू दाराशीच उभा राहा बरं का. मी तुला बघेपर्यंत कुणाशी बोलणार नाहीये.' तिला काही माहीत नाही. लायसन्सचं नाही, ईशानचं नाही. काका, उद्या चालवाल ना?

आश्लेषा : थांब, ऋषी. काका, एक विचारू?

गुरुदत्तकाका : विचार की.

आश्लेषा : चक्रीवादळाच्या वेळी गाडी तुम्ही चालवत होता?

गुरुदत्तकाका : म्हणजे काय!

आश्लेषा : मग चिवड्याचा डबा मांडीवर कसा?

गुरुदत्तकाका : डबा लहान होता.

आश्लेषा : आणि ट्रकच्या नटात बघून भांग पाडला, तो कोणत्या हातानं?

ऋषी : आशू, काय लावलंयस?

आश्लेषा : गाय उजवीकडे. पेट्रोल पंप उजवीकडे. पुतळा उजवीकडे. ट्रक उजवीकडे. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, काका. तुमच्या एकाही गोष्टीत स्टिअरिंग नाही.

गुरुदत्तकाका : तुझ्या काकूनंतर, शोभनानंतर, कुणी पकडलं नव्हतं. सहा वर्षं झाली.

ऋषी : पकडलं नव्हतं म्हणजे? काका, तुम्हाला गाडी येते ना?

गुरुदत्तकाका : ऐंशी साली टेस्ट दिली. नापास. पुन्हा दिली. नापास. तिसऱ्यांदा परीक्षकच म्हणाला, 'सर, मला दोन लहान मुलं आहेत.' शोभना पहिल्या फटक्यात पास झाली. मग राहूनच गेलं. टेक्ससमध्ये सेहेचाळीस वर्षं राहिलेला आणि गाडी न येणारा माणूस! माझ्या सगळ्या गोष्टींत हीच एक कुणाला खरी वाटणार नाही. आणि हीच तेवढी खरी.

ऋषी : तुम्ही फोनवर म्हणालात, 'मी आहे ना!' दुपारचे दोन वाजलेत काका! सकाळी खरं बोलला असतात तर मी आणखी कुणाला शोधलं असतं. माझी आई तिकडे विमानात बसतेय, आणि तुम्ही मला गायीची कुल्फी सांगताय!

गुरुदत्तकाका : रागाव. तुझं बरोबर आहे. कुणी सहा वर्षांत माझ्याकडे काही मागितलं नव्हतं रे. तू मागितलंस आणि तोंडातून निघून गेलं. फोन ठेवल्यापासून घरात फेऱ्या मारतोय. वाटलं, तुम्हालाच इतकं घाबरवावं की तुम्हीच नको म्हणाल.

आश्लेषा : मी तर घाबरलेलीच होते. तुम्ही उगाच मेहनत घेतली.

गुरुदत्तकाका : हो ना. मला काय ठाऊक. तू शोभनासारखीच निघालीस.

आश्लेषा : काकू घाबरायच्या?

गुरुदत्तकाका : घाबरायच्या? अगं, पहिलं वर्षभर हायवे दिसला की तिचा उजवा पाय थरथरायचा. गाडीसकट थरथरायचा. मी काय करणार? ब्रेक कुठला नि ॲक्सिलरेटर कुठला, मला आजही ठाऊक नाही. मी आपला उजव्या खिडकीतून बाहेर बघायचो आणि तोंडाला येईल ते सांगायचो. एकदा म्हटलं, ती बघ म्हैस पोहतेय. ती म्हणाली, 'अहो, तळं कोरडं आहे.' आणि पाय थांबलेला.

ऋषी : थांबलेला?

गुरुदत्तकाका : थाप पकडायला लागली की तिला घाबरायला सवड मिळायची नाही. पस्तीस वर्षं चालली ती अशी. लोक म्हणायचे, गुरुदत्त थापाड्या. थापाड्या तर थापाड्या. तिनं एक आरसासुद्धा कुणाचा मोडला नाही.

आश्लेषा : आणि रॅम्पवर? रॅम्पवर पण म्हैसच सांगायचे?

गुरुदत्तकाका : नाही. रॅम्पवर मी गप्प. तिथे ती स्वतःच पुटपुटायची, स्तोत्र म्हणावं तसं. आरसा. खांदा. जागा. चल. खांदा म्हणजे खांद्यावरून मागे बघायचं, आरशात सगळं दिसत नाही म्हणे. आणि जागा नसली तर थांबायचं नाही, रॅम्पवरच वेग वाढवत राहायचं, रस्त्याच्या वेगाला आलं की लोक जागा देतात. थांबलं तर नाही देत. हे तिचं म्हणणं. मला काय कळतंय.

आश्लेषा : मी थांबले होते.

गुरुदत्तकाका : तीही थांबली होती. एकदा. ऐंशी सालीच. ट्रकवाला खाली उतरून आला. शोभनाला वाटलं, आता शिव्या देणार. त्यानं तिला पाण्याची बाटली दिली.

आश्लेषा : ही थाप आहे.

गुरुदत्तकाका : बाटली नव्हती. शिव्याच दिल्या.

ऋषी : हसतेयस तू?

आश्लेषा : हसत नाहीये. तो कप दे इकडे. आता सांडणार नाही.

ऋषी : आशू, नको. आपण आणखी दोन फोन करू. नाहीतर मी—

आश्लेषा : तू सापडलास तर काय होईल ते वकिलालापण माहीत नाही. मी घाबरले तर काय होतं ते मला माहीत आहे. माहीत असलेलं बरं. काका, सव्वासातला या. पुढे बसायचं. ऋषी, तू मागे, आरोहीजवळ. येताना आईपण मागे.

ऋषी : मी पुढे नको? मॅप कोण बघणार?

आश्लेषा : मॅप स्वतः बोलतो. आणि तू थिअरी सांगशील.

गुरुदत्तकाका : आश्लेषा, बाळ, एक खरं सांगू? शोभना गेल्यापासून मी हायवेवर पुढच्या सीटवर बसलेलो नाही. मुलगा नेतो तेव्हा मागे बसतो, डोळे मिटून. मला झोप लागते असं त्याला वाटतं.

आश्लेषा : मग? येणार नाही तुम्ही?

गुरुदत्तकाका : येतो तर. मला गाडी येत नाही. सोबत करता येते. फक्त मी घाबरलो तर तू ओरडू नकोस.

(बुधवार, सकाळचे सात चाळीस. गाडी टोलवेच्या रॅम्पकडे वळलेली. आश्लेषा चालवते आहे, शेजारी काका, मागे ऋषी आणि सहा वर्षांची आरोही.)

आरोही : मम्मा, इज दिस द सेम रोड?

ऋषी : आरोही, श्श.

आश्लेषा : हो बाळा. तोच.

ऋषी : आशू, स्पीड जरासा—

आश्लेषा : मागे गप्प. काका, तुम्ही का गप्प झालात?

गुरुदत्तकाका : डोळे मिटलेत गं मी.

आश्लेषा : मिटलेलेच असू देत. काकूंचं म्हणा. मोठ्यानं म्हणा.

गुरुदत्तकाका : आरसा.

आश्लेषा : पाहिला. ट्रक आहे. लांब आहे. नाही, जवळ आहे.

ऋषी : ओ गॉड.

गुरुदत्तकाका : खांदा.

आश्लेषा : पाहिलं.

गुरुदत्तकाका : पाय थांबवू नकोस. ती थांबवायची नाही. जागा?

आश्लेषा : नाही. नाही… नाही. रॅम्प संपतोय काका. नाही… हो. त्यानं लाइट दिला. आहे. जागा आहे.

गुरुदत्तकाका : मग चल.

आरोही : मम्मा, यू डिड इट.

आश्लेषा : काका, डोळे उघडा. आलो आपण रस्त्यावर.

गुरुदत्तकाका : आलो?

आश्लेषा : आलो. अजून दोनशे चाळीस मैल आहेत. माझा पाय परत थरथरायला लागलाय. सांगा लवकर, उजवीकडे काय दिसतं?

गुरुदत्तकाका : गाय आहे एक.

आश्लेषा : काय करून राहिली?

गुरुदत्तकाका : काही नाही गं. नुसती उभी आहे.